कंठी

एलएल.एम.च्या शेवटच्या पेपरला ईश्वरी बेडगे पूर्ण वेळ गप्प बसून राहिली.

परीक्षेसाठी तिला वेगळी खोली मिळत असे. हातांवर ताबा नसल्यामुळे ती उत्तरं तोंडी सांगायची आणि समोरचा संगणक ती टिपून घ्यायचा. प्रश्न अवघड नव्हते. निम्म्याहून अधिक तर तिने खालच्या वर्गांतल्या मुलींना समजावून सांगितले होते. पर्यवेक्षक बाईंनी दोनदा जवळ येऊन विचारलं, बरं वाटत नाही का, कुणाला बोलावू का. ईश्वरीने मान हलवून नको म्हटलं. खिडकीबाहेर माळी मेंदीचं कुंपण छाटत होता, त्याच्याकडे ती बघत राहिली. घंटा झाली तेव्हा पडद्यावर तिच्या बैठक क्रमांकाखाली काहीही नव्हतं.

तिला नापास व्हायचं होतं. पास झाली असती तर तिचा आवाज गेला असता.

ईश्वरी मूळची इचलकरंजीची. जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला आणि सेरेब्रल पाल्सी कायमची तिच्या सोबतीला आली. बुद्धी तल्लख होती, पण मेंदूतून निघालेला हुकूम स्नायूंपर्यंत पोहोचेतो भरकटायचा. चालायला वॉकर लागायचा. पेन धरवत नसे. बोलायचं म्हटलं की वाक्य डोक्यात सरळ उभं असायचं, पण जीभ, ओठ आणि जबडा आपापल्या लहरीने हलायचे, आणि बाहेर पडायचा तो नुसता आवाजांचा गुंता.

हा गुंता जगात एकाच माणसाला सोडवता यायचा. तिच्या आईला. वडील ईश्वरी लहान असतानाच गेले होते आणि आई, वर्षाताई, शाळेच्या मुलांची व्हॅन चालवायची. ईश्वरी लहानपणापासून पुढच्या सीटवर तिच्या शेजारी असायची. आईची नजर रस्त्यावर, हात स्टिअरिंगवर. त्यामुळे लेकीच्या चेहऱ्याकडे न बघता, नुसत्या कानांनी तिचं बोलणं समजून घ्यायची तिला सवय लागली होती. मागे मुलांचा कालवा चाललेला असायचा आणि पुढे या दोघींच्या गप्पा. बाकीचे लोक ईश्वरीशी बोलतच नसत. शिक्षक, डॉक्टर, नातेवाईक, सगळे आईलाच विचारायचे, "तिला काय हवंय?" टॅबलेटवर एका बोटाने टाइप करून बोलता यायचं, पण एक वाक्य जुळवेपर्यंत समोरच्याचा चहा संपायचा आणि तो उठून जायचा.

बारावीनंतर तिने कायद्याचा हट्ट धरला. आईला ते पटलं नाही. वकिली म्हणजे बोलण्याचा धंदा. पण ईश्वरी ऐकेना, म्हणून कागलच्या पुढे टेकडीवर असलेल्या दूधगंगा विद्यापीठात दोघी गेल्या. तिथे अपंग विद्यार्थ्यांसाठी साहाय्य कक्ष होता आणि त्याच्या प्रमुख होत्या फातिमा मुजावर मॅडम. त्यांनी आल्या आल्या खुर्ची ईश्वरीसमोर ओढली आणि आईकडे न बघता ईश्वरीला विचारलं, "तुला काय हवंय?" मग उत्तर पूर्ण होईपर्यंत त्या थांबल्या. उत्तर त्यांना कळलं नाही. तसं त्यांनी सांगितलंही. मग कपाटातून एक करड्या रंगाची लवचीक पट्टी काढली. तिचं कंपनीने दिलेलं नाव लांबलचक होतं. विद्यापीठात सगळे तिला कंठी म्हणत.

आपण बोलतो तेव्हा मेंदूचा हुकूम मज्जातंतूंमधून घशाच्या आणि जबड्याच्या स्नायूंकडे जातो, आणि स्नायू आकसताना त्वचेवर विजेची अगदी क्षीण लहर उमटते. कंठीतले संवेदक ती लहर टिपायचे. ईश्वरीचे स्नायू चुकत होते, पण तेही त्यांच्या एका ठरावीक तऱ्हेने. "पाणी" म्हणताना तिचा जबडा दरवेळी तसाच डावीकडे ओढला जायचा. माणसाच्या कानाला या चुकांमधली संगती लागत नाही. यंत्राला मात्र काही आठवडे सराव मिळाला की ती सापडते, आणि मग ते मूळ शब्द ओळखून स्वच्छ आवाजात बोलून दाखवतं. हे सगळं पापणी लवायच्या आत व्हावं लागतं. उशीर झाला तर बोलणाराच अडखळतो. म्हणून प्रत्येकासाठी बनवलेली यंत्राची स्मृती विद्यापीठाच्याच संगणक केंद्रात असायची आणि कंठी चालायची ती फक्त कुंपणाच्या आत. शिवाय परवानगी शिक्षणसंस्थांपुरती होती. चाचण्या पूर्ण होईपर्यंत ती खासगी वापराला मिळणार नव्हती. नाव पटावर असेपर्यंत कंठी, नाव कमी झालं की कंठी परत.

ईश्वरीचा आवाज बनवताना तिच्या स्वतःच्या हुंकारांना आईच्या आवाजाची जोड दिली होती. ज्या दिवशी तो पहिल्यांदा सुरू झाला, त्या दिवशी आई समोर बसली होती. ईश्वरीने थोडा विचार केला आणि म्हणाली, "आई, तू सगळ्यांना माझं बोलणं जरा गोड करून सांगतेस."

मुजावर मॅडम हसल्या. आईही हसली, पण बसल्या जागी ती पदराशी चाळा करत राहिली. जाताना व्हॅनजवळ तिने लेकीला कवटाळलं आणि म्हणाली, की आता मला सुट्टी.

पुढची वर्षं ईश्वरी अधाशासारखी जगली. तिला कळलं की ती भांडू शकते, टोमणा मारू शकते, दुसऱ्याचं वाक्य मध्येच तोडू शकते. अभिरूप न्यायालयाच्या स्पर्धेत तिने प्रतिपक्षाच्या मुलाला असं काही कोंडीत पकडलं की परीक्षक न्यायमूर्ती लिहायचे थांबून ऐकू लागले. त्या भाषणाची चित्रफीत विद्यापीठाने आपल्या माहितीपटात घातली. प्रतिपक्षाचा मुलगा होता पुष्कर चौगुले. हरल्यावर तो तिला कॅन्टीनमध्ये शोधत आला आणि राहिलेला वाद तिथे बसून पुरा केला. मग ते रोजच वाद घालू लागले.

पहिल्या सुट्टीत ती घरी आली तेव्हा आई एखाददुसऱ्या शब्दाला अडली. सवय मोडली असेल, असं दोघींनी धरलं. पुढच्या सुट्टीत अडणं वाढलं. ईश्वरी चिडून टॅबलेट ओढायची. आई म्हणायची, माझेच कान गेलेत. वय झालं.

एलएल.बी.च्या शेवटच्या वर्षाच्या दिवाळीआधी एका दुपारी ईश्वरी व्हॅनमध्ये आईशेजारी बसली होती. मागे मुलं होती. आरशात तिला दिसलं की मागचं दार नीट लागलेलं नाही, वळणावर ते हळूहळू उघडतंय, आणि दाराला टेकून एक चिमुरडी झोपली आहे. ती ओरडली, आई, दार, मागचं दार. आईने एका हाताने पुढचा पंखा वाढवला. ईश्वरी पुन्हा ओरडली. आई म्हणाली, आलंच घर, जरा दम धर. तेवढ्यात दार सताड उघडलं आणि एक दप्तर रस्त्यावर पडलं. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याने करकचून ब्रेक दाबला. झोपलेल्या पोरीचा फ्रॉक शेजारच्या मुलीने मुठीत पकडून ठेवला होता, म्हणून ती आत राहिली.

आईने व्हॅन कडेला घेतली. उतरून दार लावलं, मुलीला उचलून पुढे मांडीवर घेतलं. मग ती ईश्वरीकडे वळली.

"मला कळंना झालंय गं तुझं," ती म्हणाली. "कानांचं नाही. बाकी सगळ्यांचं कळतंय. तुझंच कळंना."

परत गेल्यावर ईश्वरीने मुजावर मॅडमना गाठलं. मॅडमनी काही लपवलं नाही. त्यांनी तिची पहिल्या वर्षाची आणि आत्ताची नोंद शेजारी शेजारी लावून दाखवली. पहिल्या वर्षीच्या लहरी उंच आणि ओबडधोबड होत्या, आत्ताच्या जवळपास सपाट. शरीर काटकसरी असतं, त्या म्हणाल्या. ज्या कष्टाची गरज उरत नाही ते कष्ट ते सोडून देतं. पूर्वी आईला कळावं म्हणून तू प्रत्येक अक्षराशी झटत होतीस. कंठीला तेवढं लागत नाही, नुसती सुरुवात पुरते. तू जितकं कमी केलंस तितकं कमी वाचायला ती शिकली, आणि ती जितकी शिकली तितकं तू आणखी कमी केलंस. आता तू बोलतेस ते फक्त तिलाच कळतं. इतर विद्यार्थ्यांमध्येही हे दिसू लागलं होतं. मॅडमनी कंपनीला कळवलं होतं, आणि कंपनीचं उत्तर होतं की कंठी अधिक वेळ वापरावी.

ईश्वरीने विचारलं, हे उलटं फिरवता येईल का.

"थोडंफार येईल. सगळं येईल असं मी म्हणणार नाही," मॅडम म्हणाल्या. "आणि कंठी गळ्यात असताना काहीच येणार नाही."

म्हणजे कंठी ठेवली तर ती कुंपणाच्या आत बोलणार आणि बाहेर मुकी होणार. काढली तर कुंपणाच्या आतही मुकी. ईश्वरीने एलएल.बी. संपताच एलएल.एम.ला नाव घातलं. लोकांनी कौतुक केलं. शिक्षणाची केवढी आवड म्हणायची.

तिच्यासारखे आणखीही होते. गजानन शेटे हे प्राथमिक शाळेतले निवृत्त मास्तर, पक्षाघाताने वाचा गेलेले. त्यांनी केवळ कंठीसाठी बी.ए.ला प्रवेश घेतला होता. एक पदवी झाली की दुसऱ्या विषयाला बसत. वसतिगृहात राहत, सुट्टीतही घरी जात नसत. दर रविवारी त्यांची बायको आणि मुलं डबा घेऊन येत आणि कॅन्टीनबाहेरच्या बाकांवर दिवसभर बसत. मुलीचं लग्नसुद्धा त्यांनी विद्यापीठाच्या हिरवळीवर लावलं, का तर पाहुण्यांचं स्वागत त्यांना स्वतःच्या तोंडाने करायचं होतं. ईश्वरीने एकदा त्यांना विचारलं की असं किती दिवस.

"घरी मी नुसता बसलेला असतो," मास्तर म्हणाले. "इथं मी बाप असतो."

पुष्करला पुण्यात एका वकिलाकडे काम मिळालं होतं. दर महिन्याला तो भेटायला येई. एलएल.एम. संपली की लग्न करू आणि दोघं मिळून वकिली करू, हे त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं. कंठी बाहेर चालत नाही हे त्याला ठाऊक होतं, पण तो म्हणायचा, निघेल काहीतरी मार्ग. त्याने ईश्वरीला कंठीविना कधी ऐकलंच नव्हतं.

एका सकाळी ग्रंथालयामागच्या बाकावर बसले असताना तिने कंठी सोडून बाकावर ठेवली आणि म्हणाली, की मी पुण्याला आले तर अशी येईन.

पुष्कर पुढे झुकला. पुन्हा म्हण, म्हणाला. तिने पुन्हा म्हटलं. त्याने तिच्या ओठांकडे बघितलं, मग आजूबाजूला, मग बाकावरच्या कंठीकडे. तिसऱ्यांदा ती म्हणत असताना त्याने कंठी उचलली आणि हळुवारपणे तिच्या गळ्यात घातली. थंडीने कुडकुडणाऱ्याच्या अंगावर शाल घालावी तशी. त्यात प्रेम होतं. म्हणूनच तिला राग काढायला जागा सापडेना.

"हं, आता सांग," तो म्हणाला.

"काही नाही," तिचा स्वच्छ आवाज म्हणाला.

त्यानंतर काही आठवड्यांनी तिने तो कोरा पेपर दिला.

पर्यवेक्षक बाईंनी मुजावर मॅडमना सांगितलं. मॅडमनी ईश्वरीला बोलावलं आणि तिच्या आईलाही. आई व्हॅनच्या दुपारच्या फेरीला बदली चालक देऊन आली होती. मॅडम रागावल्या नाहीत. नापास होत पटावर राहण्यापेक्षा त्या दुसरा मार्ग सुचवत होत्या. फेरपरीक्षेचा पेपर दे, आणि लगेच पीएच.डी.ला नाव घाल. पाच-सहा वर्षं निघतील. मुदतवाढ मिळते. तोवर कंठी बाहेर मिळू लागेल.

ईश्वरीने विचारलं, नक्की मिळू लागेल का. मॅडम म्हणाल्या, नक्की असं काही सांगता येत नाही.

आईला लेकीचा आवाज कंठीतून ऐकू येत होता, स्वतःच्याच तरुणपणीच्या आवाजासारखा. ती म्हणाली, "राहू दे तिला इथंच. इथं तिचं नाव आहे, चारचौघांत बोलती आहे. मी येत जाईन की रविवारी. डबा घेऊन येत जाईन."

आई हे मनापासून म्हणाली होती. तिने आपलं मन तयार करूनच आणलं होतं. पण ईश्वरीच्या डोळ्यांपुढे कॅन्टीनबाहेरचे बाक आले. शेटे मास्तरांची बायको संध्याकाळी रिकामे डबे पिशवीत भरते आणि मास्तर फाटकापर्यंत सोडायला येतात, तिथे थांबून उरलंसुरलं सगळं भराभर बोलून घेतात, कारण पुढे पाऊल टाकलं की आवाज बंद. तिने हे कितीदा पाहिलं होतं. आता त्या जागी तिला आई दिसली, म्हातारी झालेली.

"नको," ईश्वरी म्हणाली. "मी पेपर देते. पीएच.डी. नको. मी घरी येते."

मॅडमनी तिला दोन दिवस विचार करायला सांगितलं. आईने तर हात जोडले. तू वेडी आहेस का, तिथं तुझं कोण ऐकणार, मलासुद्धा आता कळत नाही. ईश्वरी म्हणाली, म्हणूनच येते.

फेरपरीक्षेत ती पहिल्या वर्गात आली. कंठी परत करायच्या दिवशी मॅडमनी सांगितलं की तिच्या आवाजाची स्मृती केंद्रात वर्षभर ठेवतात आणि नंतर पुसतात. तोवर कधीही ये. ईश्वरीने मान हलवली. कंठी टेबलावर ठेवण्याआधी कुणाला काही सांगायचंय का, असं त्यांनी विचारलं. तिने पुष्करला फोन लावला आणि त्या आवाजात त्याच्याशी शेवटचं बोलली. काय बोलली ते तिने कुणाला सांगितलं नाही. पुष्कर नंतर एकदा इचलकरंजीला येऊन गेला. दिवसभर बसला, टॅबलेटवरची वाक्यं वाचत राहिला, निघताना डोळे पुसत गेला. तो वाईट मुलगा नव्हता. पुन्हा आला नाही.

घरचे पहिले महिने अत्यंत वाईट गेले. सकाळच्या फेरीनंतर दोघी आरशासमोर बसायच्या. वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी व्यायाम दिले होते. ओठ मिटून धरायचे, जीभ वर लावायची, श्वास रोखून सोडायचा. लहानपणी नकळत साधलेल्या गोष्टी आता एकेक करून, घाम गाळून मिळवाव्या लागत होत्या. मान दुखायची. लाळ गळायची. आई तोंडाकडे टक लावून बघायची, कारण आता नुसत्या कानांनी भागत नव्हतं, आणि चुकीचा शब्द म्हणायची. ईश्वरी पुन्हा सांगायची. आई पुन्हा चुकायची. कधी ईश्वरी आरसा ढकलून द्यायची. कधी आई उठून स्वयंपाकघरात जाऊन उगीच भांडी घासत बसायची. एकदा आई म्हणाली, परत जा, अजून वर्ष झालं नाही. त्या दिवशी दोघी जेवल्या नाहीत.

विद्यापीठात असताना कोंडलेपण कुंपणाएवढं मोठं होतं. इथे ते तिच्या तोंडाएवढं झालं होतं. डोक्यात आजही अख्खे युक्तिवाद उभे राहत, आणि बाहेर मीठ मागता येत नव्हतं. वर्षाची मुदत संपली त्या दिवशी तिने काहीच केलं नाही. कॅलेंडरकडेही बघितलं नाही. संध्याकाळी आईने विचारलं, चहा ठेवू? ईश्वरी काहीतरी म्हणाली. आईने ऐकलं आणि आलं घालून चहा केला. घोट घेतल्यावर दोघींच्याही लक्षात आलं की ती "आलं" म्हणाली होती.

पुढे सनद मिळाली. बाहेरच्या खोलीत टेबल आलं, दारावर पाटी लागली. नोटिसा आणि अर्ज ती टाइप करून तयार करायची. लेखी काम ती चोख करते हे हळूहळू पसरलं आणि माणसं येऊ लागली. येणाऱ्याशी बोलायला आई शेजारी बसायची. जितकं कळे तितकं सांगायची. कळलं नाही तर नाही कळलं म्हणायची.

एका दुपारी आई व्हॅन घेऊन गेलेली असताना दारात एक बाई आली. साडीवर यंत्रमागावरच्या कापसाचे बारीक तंतू बसलेले, डोळे सुजलेले. तिने उंबऱ्यातूनच सांगितलं की नवऱ्याने घराबाहेर काढलंय आणि धाकट्या लेकीला ठेवून घेतलंय. वकीलबाई कुठं आहेत?

ईश्वरी म्हणाली, मीच.

बाईला ते कळलं नाही. तिने ईश्वरीची वाकडी मान बघितली, वॉकर बघितला, आणि घरातलं आजारी माणूस असावं असं समजून अजिजीने म्हणाली की असू दे ताई, मी मागाहून येते. ती वळली आणि चपलेत पाय घालू लागली.

ईश्वरीचा हात टॅबलेटकडे गेला. एका बोटाने एक वाक्य होईपर्यंत ही बाई गल्लीच्या टोकाला पोहोचली असती आणि बहुधा परत आली नसती. ईश्वरीने हात मागे घेतला. दोन्ही कोपर टेबलावर रोवले, मान स्थिर धरली. ओठ मिटले. उघडले.

"ब...हा."

बाई थांबली. काही म्हणालात का, तिने विचारलं.

ईश्वरीने जीभ दातांमागे नेली. ती घसरली. तिने पुन्हा नेली आणि धरून ठेवली. कपाळाला घाम आला होता. तिने सगळा जोर त्या एका शब्दात घातला.

"बसा."

बाई तिच्या ओठांकडे बघत राहिली. मग दारावरच्या पाटीकडे, मग पुन्हा तिच्याकडे. तिने पायातली चप्पल काढली, आत आली आणि खुर्चीच्या कडेवर बसली.